करवंदांची टोपली

ख्रिस्ताठायी प्रिय धर्मग्रामस्थांनो,

मे महिना हा पवित्र मरियामातेचा महिना. संध्याकाळी क्रुसापाशी जपमाळ होते, मुलांना शाळेची सुट्टी असते, आणि आपल्या दफनभूमीच्या मागच्या अंगाला, जिथे चर्चची जागा संपून टेकडी सुरू होते, तिथल्या जाळ्यांना करवंदे पिकतात. ह्या शेवटच्या गोष्टीविषयी आज लिहायचे आहे. रविवारच्या पत्रिकेत फादरांनी करवंदांवर लिहावे ह्याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. मला जे सांगायचे आहे ते ह्याच जाळीत अडकले आहे.

तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या कुणालाही करवंद म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. थंडी सरता सरता जाळीवर पांढरी, सुवासिक फुले येतात. मग हिरवी करवंदे धरतात. ती मिठाबरोबर खायची किंवा लोणच्यात घालायची. वैशाखात तीच काळीभोर होतात. पिकलेल्या करवंदाला ओढावे लागत नाही, बोट लावले की ते हातात येते. ओढावे लागले तर समजावे की अजून दोन दिवस आहेत. देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांना आणि ओठांना चिकटतो, आणि खोबरेल तेल चोळल्याशिवाय जात नाही. काटे तर असे दुहेरी की एकातून सदरा सोडवावा तोवर दुसऱ्यात अडकलेला असतो. तरी आम्ही जायचो. करवंद फोडण्याआधी विचारायचे, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. हरणाऱ्याने आपल्या ओंजळीतले एक द्यायचे. जाळी कुणाच्या बांधावर आहे हे आम्हांला ठाऊक असायचे, पण त्याची भीती नव्हती. मालक विहिरीवरून ओरडायचा तो एवढेच, "पोरांनो, काटे सांभाळा रे!"

आमच्या आजीचा एकच नियम होता. वरच्या फांद्या काठीने झोडपायच्या नाहीत. हात पोचेल तेवढे खायचे, बाकीचे बुलबुलांचे. लहानपणी मला तो नियम म्हणजे म्हातारीचा हट्ट वाटायचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तीन आठवड्यांपूर्वी, सकाळची मिस्सा आटोपून मी न्याहारीला बसलो असता आपल्या धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ माझ्याकडे आले. (ते चांगले, चर्चसाठी झटणारे आहेत, त्यांचे नाव सांगणार नाही आणि कुणी शोधूही नये, कारण ह्या गोष्टीत अपराधी ते नाहीत.) त्यांच्या हातात बांबूची टोपली होती, अर्धीअधिक करवंदांनी भरलेली. "फादर, दफनभूमीच्या मागे पाड्यावरच्या दोन बायका आणि त्यांची पोरे शिरली होती. हाकलून दिली. टोपली काढून घेतली." मी त्यांचे आभार मानले. टोपली टेबलावर ठेवून घेतली.

दिवसभर ती तिथेच होती. संध्याकाळी जपमाळेहून परतल्यावर मी त्यातले एक करवंद तोंडात टाकले. मग दुसरे. किती वर्षांनी खात होतो! रात्रीच्या जेवणापर्यंत टोपलीचा तळ दिसू लागला होता. बोटांना चीक लागला म्हणून स्वयंपाकघरात खोबरेल शोधायला गेलो, आणि बाटली हातात असतानाच मनात आले की चोरी कुणाची पकडली आणि चोरी कुणी केली?

बंधू-भगिनींनो, सेमिनरीत मी तत्त्वज्ञान हा विषय घेऊन पदवी मिळवली. तेराव्या शतकातील संत थॉमस अॅक्विनास ह्यांनी मालमत्तेविषयी काय लिहिले आहे ह्यावर मी परीक्षेत चार पाने लिहिली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तूची व्यवस्था पाहण्यासाठी ती कुणा एकाच्या नावावर असणे योग्य आहे, पण तिचा उपभोग घेताना माणसाने ती सर्वांची आहे असे मानावे आणि गरजवंताला तिच्यात सहज वाटा द्यावा. ज्याला जगण्याचीच भ्रांत पडली आहे, त्याने दुसऱ्याच्या वस्तूतून घेतले तर ती चोरीच होत नाही, इथपर्यंत ते जातात. मला त्या उत्तराला चांगले गुण मिळाले. टोपली टेबलावर आली तेव्हा त्यातले एक अक्षर आठवले नाही.

पवित्र शास्त्र त्या रात्री पुन्हा उघडले. अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटी एक साधा नियम आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलात तर पोटभर द्राक्षे खा, पण टोपलीत घालून नेऊ नका. उभ्या पिकातून जाताना हाताने कणसे खुडा, पण विळा लावू नका. येशूचे शिष्य शब्बाथ दिवशी शेतातून जाताना कणसे खुडू लागले (मार्क २:२३-२८) तेव्हा परुशांनी कशाला हरकत घेतली ते पाहा. शब्बाथाला घेतली. 'दुसऱ्याच्या शेतातले का घेता' असे परुशांसारख्या कायदेपंडितांनीही विचारले नाही. भुकेल्याने हाताने खुडून खाणे त्यांच्या लेखी चोरी नव्हतीच.

इथे कुणी मला अडवील आणि म्हणेल, "फादर, पण त्या बायकांकडे टोपली होती! शास्त्र तर आपल्या बाजूने आहे." हा प्रश्न मलाही पडला, आणि तो टाळण्यासारखा नाही. टोपलीला मनाई का आहे? कारण द्राक्षमळा कुणीतरी घाम गाळून लावलेला आहे. आपण वाडीवाले लोक हे चांगले जाणतो. केळीचा घड कुणी रात्री कापून नेला तर काय वाटते हे मी सांगायला नको. म्हणून देवाने एकाच नियमात वाटसरूची भूक आणि शेतकऱ्याचा घाम, दोन्ही सांभाळले.

पण करवंदीची जाळी लावली कुणी? मी नाही. माझ्या आधीच्या कुठल्या धर्मगुरूंनी लावली असे ऐकिवात नाही. पाखरांनी करवंदे खाल्ली, बिया टाकल्या, पावसाने रुजवल्या. आपण तिला कधी घागरभर पाणीही घातलेले नाही. आपोआप उगवलेल्या अशा फळासाठी शास्त्रात वेगळा नियम आहे. निर्गम ग्रंथात (२३:१०-११) देव सांगतो की सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा, म्हणजे तुमच्यातील गरीब तिच्यावर खातील, आणि त्यांनी ठेवलेले रानातले प्राणी खातील. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात तर त्या वर्षी आपोआप उगवलेल्यावर कुणाकुणाचा हक्क हे नावानिशी दिले आहे: मालक, दास, दासी, मजूर, परका, गुरेढोरे आणि रानटी जनावरे. मालकही त्या पंगतीत आहे, पण पंगत एकट्या त्याची नाही. वरच्या फांद्या बुलबुलांच्या, हा आजीचा नियम बायबलमधला निघाला. तिला तर वाचताही येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन पाड्यावर गेलो. खरे सांगतो, पाय जड झाले होते. इथे येऊन मला चौथे वर्ष चालू आहे, चर्चपासून पाडा पंधरा मिनिटांवर आहे, आणि मी तिथे पहिल्यांदा जात होतो. टोपली जिची होती ती बाई अंगण सारवत होती. मी काय झाले ते सांगितले, करवंदे मीच खाल्ली हेही सांगितले. ती म्हणाली, "बरी होती का फादर?" मी पैसे पुढे केले. तिने आधी नको म्हटले, मग किती द्रोण झाले असते ते बोटांवर मोजून तेवढेच घेतले, वरचे परत दिले. स्टेशनच्या रस्त्यावर पानांचे द्रोण मांडून 'डोंगरची काळी मैना' म्हणून विकतात त्यांच्यातलीच ती एक. आपण तिच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. प्लॅस्टिकच्या डबीतल्या स्ट्रॉबेरीवर छापलेली किंमत मात्र निमूटपणे देतो.

आता तुम्हां सर्वांपुढचा प्रश्न. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या सभेत दफनभूमीमागे सरळ कंपाऊंड वॉल बांधायचे ठरले. त्यासाठी जेसीबी लावून सगळ्या जाळ्या काढाव्या लागतील. त्या ठरावावर माझी सही आहे. दोन मिनिटेही विचार न करता केलेली. भिंत मागणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. रस्त्याच्या बाजूने रात्री गाड्या येऊन राडारोडा टाकतात, कबरींवरचे लोखंडी क्रूस चोरीला गेले आहेत, जागेवर अतिक्रमणाची भीती आहे. पण राडारोडा टाकणारे रस्त्याने येतात, आणि टेकडीकडून येतात ती पोरे. रस्त्याच्या बाजूला भिंत जरूर बांधू. टेकडीच्या बाजूला सीमेचे दगड रोवून, मोजणीचा नकाशा नीट करून, जाळी तशीच ठेवता येईल असे मला वाटते. इतक्या काट्यांचे कुंपण आपल्याला फुकट मिळाले आहे, आणि ते दर मे महिन्यात फळ देते. सिमेंटची भिंत ते देणार नाही.

हे माझे मत झाले. ते मान्य झालेच पाहिजे असे नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये पुन्हा सभा घेत आहे, त्यात हा ठराव फिरून चर्चेला ठेवीन. ज्यांचा विरोध आहे त्यांनी अवश्य यावे आणि मोकळेपणाने बोलावे. पाड्यावरही निरोप पाठवला आहे. कुणी आले तर त्यांना बसायला खुर्ची मिळेल एवढे पाहावे.

सभेआधी शनिवारी दुपारी चार वाजता कॅटेकिझमच्या मुलांना घेऊन मी जाळीवर जाणार आहे. पालकांनीही यावे. पहिला जोराचा पाऊस पडला की करवंदांत पाणी भरते, मग ती मजा राहत नाही. तेव्हा हाच आठवडा आहे. मुलांना पूर्ण बाह्यांचे जुने सदरे घाला, पायांत चपला असू द्या, आणि खोबरेलाची एखादी बाटली बरोबर आणा. माझ्याकडची संपली आहे.

प्रभूठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू