वारशाने न मिळणारी श्रद्धा

दादरा नगर हवेलीतल्या सिल्वासा गावाच्या मध्यावर पोर्तुगीज काळातले अवर लेडी ऑफ पायटी चर्च उभे आहे. मराठ्यांशी झालेल्या 1779च्या तहाच्या पोटी 1783मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली, दोन वर्षांनी त्यांनी दादरा विकत घेतले, आणि 2 ऑगस्ट 1954ला सिल्वासा मुक्त झाले. म्हणजे 171 वर्षे इथे एका कॅथलिक राष्ट्राचा अंमल होता. तरीही 2011च्या जनगणनेत इथल्या 3,43,709 लोकांपैकी ख्रिस्ती दीड टक्क्याच्या घरातच भरले. वसईचा दाखला याच्या उलटा आहे. तिथे 1534 ते 1739 या काळात मिशनरी संघ आणि राजसत्ता हातात हात घालून वावरले, आणि तिथला ख्रिस्ती समाज आजही पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. नगर हवेली हाती आली तेव्हा पोर्तुगिजांचा तो जोर ओसरला होता, आणि 1834-35मध्ये तर लिस्बनच्या सरकारने धार्मिक संघच बरखास्त केले. राजाश्रयाची धर्मप्रसाराला किती मदत होते, हे या दोन उदाहरणांतून दिसते. मात्र दादरा नगर हवेलीत आणि शेजारच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात आज ज्या लहानमोठ्या इव्हँजेलिकल मंडळ्या भरतात, त्यांच्या श्रद्धेचे मूळ नेमके दुसऱ्या टोकाला आहे. त्यांच्या मते राजा, जात, घराणे, इतकेच काय जन्मदाते आईबापही कुणाला ख्रिस्ती करू शकत नाहीत. हा विचार कुठून आला आणि तो मानणाऱ्यांवर कोणती जबाबदारी टाकतो, ते नीट पाहिले पाहिजे.

या मंडळ्यांचे श्रद्धावचन थोडक्यात सांगता येते. पवित्र शास्त्र हे देवाचे वचन आणि श्रद्धा-आचरणाचा अखेरचा निकष. देव एक, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य. माणूस पापी, आणि स्वतःच्या पुण्याईवर तो सुटत नाही. येशूने वधस्तंभावर त्याच्यासाठी प्राण दिला, तो तिसऱ्या दिवशी उठला आणि पुन्हा येणार आहे. तारण मिळते ते कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी 1989मध्ये या परंपरेची चार लक्षणे मांडली: बायबल, क्रूस, हृदयपालट आणि सेवाकार्याची तळमळ. पहिली दोन सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेपासून प्रोटेस्टंटांच्या अंगवळणी पडली होती. बाकीच्या ख्रिस्ती पंथांहून वेगळेपण दिसते ते मुख्यतः तिसऱ्यात. प्रत्येकाने आयुष्यात कधीतरी स्वतः वळले पाहिजे, त्याला नवा जन्म मिळाला पाहिजे, आणि त्याची साक्ष त्याने स्वतःच्या तोंडाने दिली पाहिजे, हा तो आग्रह.

हा आग्रह एका दिवसात तयार झाला नाही. लूथरने श्रद्धेला कर्मकांडाच्या वर बसवले, पण तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि राज्याचे चर्च दोन्ही तशीच ठेवली. प्रजेचा पंथ राजाच ठरवत राहिला. 1708मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ या खेड्यात आठ प्रौढांनी एडर नदीत उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. हे त्या काळच्या कायद्याच्या विरुद्ध होते. लहानपणी आपल्या वतीने दुसऱ्याने दिलेला होकार आपला नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याच परंपरेतले ब्रदरन मिशन 1895मध्ये बुलसारला, म्हणजे आजच्या वलसाडला आले आणि पुढे डहाणूपर्यंत पोहोचले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली 1728पासून दीक्षित धर्मगुरू होता, जॉर्जियात जाऊन धर्मकार्यही करून आला होता. पण आपला खरा विश्वास 24 मे 1738च्या संध्याकाळी जागा झाला असे तो मानत असे. धर्मगुरूलाही धर्म नव्याने सापडावा लागतो, हे त्या दिवसापासून या परंपरेचे गृहीतच झाले.

मराठी मुलखात या विचाराचा सर्वांत ठळक दाखला पंडिता रमाबाईंचा. 1883मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच त्यांचे तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी खटके उडू लागले. त्रैक्याचा सिद्धांत पटल्याशिवाय त्या मानायला तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. एका पुरोहितवर्गाच्या कचाट्यातून सुटून दुसऱ्याच्या हाती जाण्याची त्यांची तयारी नव्हती. 1891च्या सुमारास त्यांना ख्रिस्ताची आतून ओळख पटली, आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहिले की ख्रिस्ती धर्म आपण आधीच पत्करला होता, ख्रिस्त मात्र नंतर भेटला. मग केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. ते 1924मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पुरे छापून निघाले. ज्याने स्वतः निर्णय घ्यायचा त्याला शास्त्र स्वतः वाचता आले पाहिजे, हाच त्या खटाटोपाचा अर्थ.

यावर पहिला आक्षेप आदिवासी जीवनाच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. वारली घरात लग्न म्हणजे दोघांचा खाजगी करार नसतो. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते, आणि पाडाच्या पाडा साक्षीला असतो. एक जण उठून हे आता माझे नाही म्हणाला की फक्त एक माणूस कमी होत नाही. भावकीची वीण उसवते. ‘माझा निर्णय’ ही कल्पनाच इथे परकी, असे त्यामुळे म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. मराठी भक्तिपरंपरेनेही देवाशी थेट नाते जोडायला जात आणि घराणे आड येऊ दिले नाही, आणि नारायण वामन टिळकांना तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे जाता आले. तरी मंडळ्यांनी हे ध्यानात ठेवावे की श्रद्धा बदलली म्हणून नाती तोडावीच लागतात असे त्यांचे शास्त्र सांगत नाही. कायद्यानेही अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. ख्रिस्ती झालेला वारली वारलीच राहतो.

दुसरा आक्षेप आमिषाचा. सर्वोच्च न्यायालयाने 1977च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्माचा प्रसार करता येतो, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. गंमत अशी की इव्हँजेलिकल सिद्धांत मनापासून मानला तर तो याहून कडक ठरतो. औषधासाठी, शाळेच्या फीसाठी किंवा भीतीपोटी वळलेला माणूस त्या सिद्धांताप्रमाणे वळलेलाच नसतो. त्याचा बाप्तिस्मा म्हणजे नुसते पाणी. तिसरा आक्षेप असा, की येशूवाचून तारण नाही हा दावाच शेजाऱ्याचा अवमान आहे. दावा कठोर आहे, तो गुळमुळीत करण्यात प्रामाणिकपणा नाही. पण सत्याचा दावा करणे वेगळे आणि हिमाय, हिरवा, कणसरी या वारली देवतांना सैतान ठरवून हिणवणे वेगळे. पटवायचे असेल त्याने समोरच्याला अडाणी समजून चालत नाही.

राहता राहिला वारशाचा प्रश्न. आईच्या मांडीवर मिळालेली श्रद्धा खोटी असते असे कोणी म्हणू नये. वसईच्या चर्चमधली किंवा पंढरीच्या वाटेवरची गर्दी तशा श्रद्धेवरच उभी आहे. मात्र ज्यांनी व्यक्तीच्या होकाराला धर्माचा पाया मानले, त्यांना तिच्या नकाराचाही तितकाच मान राखावा लागेल, आणि तो नकार त्यांच्या पोटच्या मुलाने दिला तरी. सरकारलाही हेच लागू आहे: माणसाच्या मनावर राजाचा अंमल चालत नाही हे खरे असेल, तर त्याला थोपवून धरण्यातही राजाचा अधिकार पोचत नाही. कोणत्याही मंडळीची परीक्षा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत होत नाही. नाही म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी तिच्या दवाखान्यात आणि शाळेत आदल्या दिवसासारखाच वागवला जातो का, यावर ती व्हावी.