डाग कुणाचा?

आमचा भाचा पुण्यात संगणकावर भिंती बनवतो. व्हिडिओ गेममध्ये जी शहरे दिसतात त्यांच्या भिंती, फरश्या, जिने तयार करणे हाच त्याचा रोजगार. मागच्या पावसाळ्यात तो आपाला भेटायला मुंब्र्याला आला आणि इमारतीच्या मागच्या भिंतीचे दोन-अडीचशे फोटो काढून गेला. त्यासाठी त्याने मुद्दाम ढगाळ दिवस निवडला होता. उन्हाची सावली फोटोत राहिली तर ती भिंत संगणकातल्या दुसऱ्या उन्हात खोटी दिसते, असे त्याचे म्हणणे. शेजारच्या खालांना तो महापालिकेचा माणूस वाटला. त्यांनी चहा पाठवला आणि भीत भीत विचारले, "बेटा, इमारत खाली करावी लागेल का?"

तो हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. एकाच भेगेकडे दोघे पाहत होते. एकाला त्यात कामाचा माल दिसत होता आणि दुसरीला डोक्यावरचे छप्पर जाताना दिसत होते. ज्या झिजेची किंमत दुसरा मोजतो आहे, तिचे सौंदर्य आपण उचलावे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून बसला आहे.

या विद्येविषयी आमच्या मनात आदरच आहे, हे आधी सांगितले पाहिजे. एडविन कॅटमल यांनी १९७४ साली संगणकातल्या वस्तूवर चित्र गुंडाळण्याची रीत मांडली. १९७८ मध्ये जेम्स ब्लिन यांनी सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास आणून दाखवला. पुढे केन पर्लिन यांनी गणिताने असा विस्कळीतपणा निर्माण केला की डाग, ढग, दगड निसर्गातल्यासारखे दिसू लागले. त्यांचा तो निबंध १९८५ चा. आज एका भिंतीसाठी रंगाचा एक थर, खडबडीतपणाचा दुसरा, खोलीचा तिसरा असे थर रचावे लागतात.

पण नुसते थर रचून भिंत जुनी होत नाही. काँक्रीट कसे म्हातारे होते ते ठाऊक असावे लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरतो, काँक्रीटचा क्षारगुण कमी होतो आणि आतल्या सळईचे संरक्षण जाते. मग ओल पोचली की सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रेटा देतो आणि वरचे पोपडे सुटतात. खिडकीच्या कोपऱ्याखाली काळा ओघळ, गळक्या पाईपखाली शेवाळ, ओल सुकते तिथे पांढरा लोणा. सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेषासुद्धा राहतात. ल कॉर्बुझिए यांनी मार्सेच्या इमारतीत (१९५२) त्या रेषा मुद्दाम उघड्या ठेवल्या आणि जगाने त्याला शैली म्हटले. फळ्या ठोकणाऱ्या मजुरांची नावे कुणी विचारली नाहीत, तो भाग वेगळा. थोडक्यात, कुठलाही डाग विनाकारण पडत नाही आणि चांगला कलाकार तो विनाकारण टाकत नाही. भाच्याचे हे काम आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटते.

पण मग त्याने पुढची पायरी दाखवली. ही भिंत फरशीसारखी शेजारी शेजारी जोडत न्यायची असते. तिच्यात लक्षात राहील अशी एखादी खूण असली की दर दोन मीटरवर तीच दिसते आणि सोंग उघडे पडते. म्हणून ओळख पटेल ते सगळे पुसायचे. आमच्या भिंतीवर पोरांनी खडूने तीन स्टंप काढले होते. ते त्याने पुसले. कुणाचे तरी अर्धवट नाव होते, ते पुसले. गळका पाईप काढला. भेग ठेवली, लोणा ठेवला, गंज ठेवला. शेवटी फाइलला नाव दिले 'जुने काँक्रीट' आणि पुढे एक आकडा. माणसे गेली आणि त्यांची दुर्दशा तेवढी उरली.

अशा भिंती पुढे कुठे लागतात? पुष्कळदा गोळीबारासाठी उभ्या केलेल्या शहरांत. २००९ सालच्या 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' या गेममध्ये कराची आहे, पण तिथल्या पाट्या अरबीत! कराचीच्या बाजारात उर्दू वाचली जाते हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. भिंतीवरचा गंज मात्र काळजीपूर्वक केलेला असतो. गंजाची चौकशी होते आणि राहणाऱ्याची होत नाही, याला अज्ञान म्हणून सोडून द्यावे असे आम्हाला वाटत नाही.

भाचा चिडला. "मामू, खोटी भिंत पडून कुणी मरत नाही." ते खरेच आहे. भिवंडीची जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळली, लोक झोपेत होते, सुमारे चाळीस जीव गेले. ती संगणकातली नव्हती. ते पाप भाच्याच्या माथी मारण्याइतके आम्ही अविचारी नाही. आम्हाला भीती वाटते ती डोळ्याच्या सवयीची. हजार पडक्या भिंती करमणूक म्हणून पाहिलेला डोळा एक हजार एकावी, खरी भिंत कशी पाहील? शिवाय नक्कल करू नये असेही आम्ही म्हणत नाही. नक्कल नको म्हटले तर कादंबरीही गेली, नाटकही गेले. आमचा आग्रह एवढाच, की डाग घ्यायचा तर त्याचे कारणही सोबत घ्या.

ईदला भाचा पुन्हा आला. खालांना त्याने लॅपटॉपवर ती भिंत दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. भेग ओळखली, लोणाही ओळखला.

"आणि पाईप कुठाय?"

"काढला, खाला. मध्ये येत होता."

"मग एवढी ओल येते कुठून?"

भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही शीरखुर्म्याची वाटी उचलली.