इथ्रो परत गेला



निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच साऱ्या लोकांचे तंटे सोडवत बसलेला दिसतो. सासरा इथ्रो त्याला म्हणतो, असा तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, अगदी दहांवरही माणसे नेम. इथ्रो मिद्यानचा, म्हणजे परका. सल्ला दिला आणि आपल्या देशी परत गेला.

आजचा इथ्रो पैसेही देतो. २००३ साली जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रातल्या २६ जिल्ह्यांसाठी जलस्वराज्य प्रकल्प आला आणि २००९ पर्यंत चालला. योजना कोणती हवी ते ग्रामसभेने ठरवायचे, पैसा गावाच्या पाणीपुरवठा समितीकडे यायचा, समितीत निम्म्या स्त्रिया. गावाने खर्चाचा १० टक्के वाटा वर्गणीने उभा करायचा, आदिवासी गावाने ५ टक्के.

इथे मन अडखळते. डोंगर उतरून झऱ्यावरून हंडा आणणाऱ्या बाईकडे आधी वर्गणी मागायची? शहरातल्या माणसाला धरणाच्या खर्चाचा वाटा कोणी असा आधी मागत नाही. तरीही मला वाटते, जिने दहा रुपये दिले ती हिशेब विचारायला कचरत नाही. अट कठोर होती, पण निव्वळ चुकीची नव्हती.

खरी अडचण दुसरी आहे. ‘तुम्हीच ठरवा’ हेसुद्धा दुसऱ्याने घातलेल्या अटीत आले, तर ठरवले कोणी? मग अहवाल वर जातो, पाड्यावर कोणी वाचून दाखवत नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली लिहिले होते, की लहान समूहाला जमणारे काम मोठ्याने काढून घेणे हा अन्याय आहे. तसे असेल तर गावाला दिलेला अधिकार हे दान नव्हे, ती परतफेड आहे. परतफेड करणाऱ्याने उपकाराची पाटी का लावावी?

आपल्या अक्राणी-अक्कलकुव्यात एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, डोंगरभर विखुरलेले. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून स्वतःची ग्रामसभा मागता येते. त्यासाठी कुठल्याही परदेशी बँकेची गरज नाही. २०१५ साली आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा पंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला, तो आपल्याच राज्याचा पैसा.

येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढे पाहा: सभा कोणत्या पाड्यात भरली आहे, आणि बायका बोलतात की नुसता अंगठा उठवून घरी जातात.