छपरावरचे दिवे
(शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, मार्क २:१-१२)

नाताळचा सण जवळ येऊन ठेपला आहे. मंदिरास चुना लागला, मुलांची गीते बसू लागली, आणि तरुण मंडळी बाजारातून दिव्यांच्या माळा व कागदी तारे आणू लागली. अशा आनंदाच्या दिवसांत पाळकाने छपराविषयी उपदेश करावा हे कोणास विचित्र वाटेल. तथापि मोशेच्या नियमशास्त्रात सणांची व यज्ञांची वचने आहेत तशीच छपराविषयीही एक आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा घालावा. न घातल्यास आणि तेथून कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा भावार्थ आहे. घरधन्याच्या मनात वाईट होते काय, हे ती विचारीत नाही. कठडा होता की नव्हता, एवढेच विचारते.

ही आज्ञा मी पाठशाळेत शिकलो खरा, परंतु ती मला समजली ती एका वृद्ध विधवेच्या घरी. काही वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत होतो तेथे मंदिराच्या शिखरापासून समोरच्या घराच्या आढ्यापर्यंत दोर ताणून मधोमध तारा टांगण्याची कल्पना निघाली. कल्पना माझीच होती. ते घर ह्या बाईंचे. त्यांनी आनंदाने होकार दिला. रात्री चारपाच मुले त्यांच्या कौलांवर चढली, तारा लागला, आणि पंचक्रोशीतील लोक तो पाहावयास आले. नाताळ गेला. मृगाचा पाऊस पडला तेव्हा मी त्यांच्या भेटीस गेलो, तो घरात तीन ठिकाणी पातेली मांडलेली, अंथरूण भिंतीशी गुंडाळलेले, आणि कणगीतील ज्वारीस बुरशीचा वास येत होता. मुलांच्या पायांखाली कौले तडकली होती. डिसेंबरात ते कोणास दिसणार? बाई एवढेच म्हणाल्या, "पाळकसाहेब, तारा मात्र फार सुंदर दिसत होता हो." त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला मान वर करवेना.

कोणी म्हणेल की, कफर्णहूमात चौघांनी छप्पर उकरलेच ना, आणि प्रभूने त्यांस दोष दिला नाही! खरे आहे. तेथील धाबे आपल्या देशावरील माळवदासारखे, तुळयांवर फांद्या व चोपलेली माती असे असे; लूक तर कौलांचा उल्लेख करतो. परंतु त्यांनी छप्पर मोडले ते पक्षघाती मनुष्यास प्रभूच्या पायांशी पोहोचविण्यासाठी. आपण मोडतो ते शोभेसाठी. शिवाय ते छप्पर पुढे कोणी दुरुस्त केले हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. मला वाटते की त्या चौघांनीच दुसऱ्या दिवशी माती कालविली असावी. हा माझा तर्क आहे, शास्त्र नव्हे.

आता कामाचे सांगतो. मंगळुरी कौल आपणांस परके नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे त्याचा कारखाना काढला होता, आणि पुष्कळ जुनी मंदिरे त्याच जातीच्या कौलांनी शाकारलेली आहेत. हे कौल पाऊस झेलते, परंतु मनुष्याचा भार झेलण्यासाठी ते केलेलेच नाही. म्हणून कौलांवर चढूच नये. माळ वळचणीच्या वाशास खालून, शिडीवरून बांधावी; सुतळी किंवा प्लॅस्टिकची पट्टी पुरते. लोखंडी पत्र्यास खिळा मारल्यास त्या भोकातून पाणी शिरते व गंज पसरतो. सिमेंटच्या पत्र्याविषयी तर हात जोडून सांगतो की त्यावर पाऊल ठेवू नका. तो न वाकता एकाएकी फुटतो आणि वरचा मनुष्य सरळ खाली फरशीवर येतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲसबेस्टॉस असते. त्यास भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसास घातक आहे.

शिडी चार हात उंच टेकवावयाची तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा, आणि खाली धरणारा मनुष्य असावा. विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी नेऊ नये.

विजेची गोष्ट अधिक गंभीर आहे. घरातील वीज २३० व्होल्टची असते. बाजारातील पुष्कळ माळांची वायर केसाएवढी बारीक, घरातच लावण्याजोगी असते. बाहेर लावावयाची तर खोक्यावर आयपी ४४ किंवा त्याहून मोठा आकडा पाहून घ्यावी. पाऊस नसला तरी डिसेंबरातील दहिवराने जोड ओले होतात. खिळ्याने किंवा तारेने वायर आवळली की तिचे आवरण कापते, वीज पत्र्यात उतरते, आणि त्याच पत्र्यास बांधलेल्या तारेवर सकाळी घरची बाई ओले लुगडे वाळत घालते. पुढचे मी लिहीत नाही. प्लग नाही म्हणून वायरीची उघडी टोके आगकाडीने सॉकेटात खोचण्याची रीत आपल्या गावांत अजून आहे. ती ह्या वर्षी बंद करावी. मंदिराच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. वीज गळताच तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. ह्यासाठी मंडळीच्या पेटीतून खर्च करण्यास पंचांनी मागेपुढे पाहू नये. मोशेने सांगितलेल्या कठड्याच्या जागी मी ह्यालाच धरतो.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास संकोच वाटतो. काही ठिकाणी सणाच्या रात्री खांबावरच्या तारेवर आकडा टाकून रोषणाई केली जाते. "दोन रात्रींचाच प्रश्न आहे, पाळकसाहेब," असे मला सांगण्यात आले आहे. विद्युत कायदा २००३ प्रमाणे ही चोरी आहे, आणि आकडा टाकताना माणसे मेलीही आहेत. परंतु कायदा नसता तरी मी विचारले असते : ज्याने आठवी आज्ञा दिली त्याच्या पुत्राचा जन्म आपण चोरलेल्या उजेडात साजरा करणार काय? सार्वजनिक उत्सवासाठी महावितरण तात्पुरती जोडणी देते. तिचा अर्ज वेळेवर करावा. पैसे नसतील तर एकच तारा लावावा. मेंढपाळांच्या रानात तर एकही माळ नव्हती, आणि देवाचे तेज तेथेच प्रकाशले.

मी रोषणाईच्या विरुद्ध आहे असे मात्र समजू नये. १८८२ साली न्यूयॉर्क येथे एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन ह्याने आपल्या घरच्या नाताळवृक्षावर विजेचे ८० रंगीत दिवे लावले. त्या काळी वृक्षावर मेणबत्त्या लावीत आणि घरे पेटत. अर्थात विजेचा दिवा ह्या सणात आला तो अधिक सुरक्षित म्हणूनही.

त्या बाईंची कौले आम्ही बदलली. ज्या मुलांनी ती तुडविली त्यांनीच डोक्यावरून वाहून आणली. ज्वारी मंडळीतून भरून दिली. पुढच्या नाताळात बाईंनी स्वतः विचारले की, तारा माझ्या आढ्याला बांधणार ना? तो आम्ही अंगणात बांबू रोवून त्यावर लावला, आणि त्यांनी दारात बसून पाहिला.

६ जानेवारीनंतर माळा उतरवाव्या. वर्षभर उन्हात राहिल्यास वायरीचे आवरण तडकते. उतरवावयास त्यांनीच जावे ज्यांनी त्या चढविल्या, आणि शिडीवरून खाली येण्यापूर्वी वळचणीचे एखादे कौल सरकले असेल तर तेथूनच हात घालून ते नीट बसवावे. मृगास तेव्हा पाच महिने उरलेले असतात.