साठवलेले ऊन आणि अपरिग्रह

डेस्कटॉप संगणक छपरावरच्या सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर चालवणे आता तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. पॅनेल उन्हापासून वीज बनवते, चार्ज कंट्रोलर ती बॅटरीत भरतो, इन्व्हर्टर तिला घरगुती २३० व्होल्टवर आणतो आणि संगणकातला एसएमपीएस तीच वीज पुन्हा १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर उतरवतो. पॅनेल कोणत्या दिशेला बसवावे आणि वायर किती जाडीची घ्यावी, हे प्रश्न अभियांत्रिकीचे आहेत. बॅटरी किती मोठी घ्यावी, हा प्रश्न मात्र अर्धाच अभियांत्रिकीचा आहे. उद्यासाठी किती साठवायचे हे आकडेमोड सांगत नाही. ते ठरल्यावर आकडेमोड सुरू होते. भारतीय धर्मपरंपरांनी हाच प्रश्न धान्य, तूप, सोने आणि जमीन यांच्या बाबतीत विचारलेला आहे. अपरिग्रहाच्या, म्हणजे संग्रह न करण्याच्या, व्रतातून त्याची जी उत्तरे पुढे आली, ती साठवलेल्या उन्हाला कितपत लागू पडतात, हे पाहण्यासारखे आहे.

आधी मोजमाप. कार्यालयीन कामाचा साधा डेस्कटॉप सुमारे ८० वॅट आणि त्याचा एलईडी मॉनिटर सुमारे २० वॅट वीज घेतो, असे धरू. रोज ६ तास काम केल्यास ६०० वॅट-तास लागतात. इन्व्हर्टरमधली घट धरता बॅटरीतून सुमारे ७०० वॅट-तास काढावे लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर लेड-अॅसिड बॅटरीत १,८०० वॅट-तास मावतात. पण तिचे आयुष्य टिकवायचे तर त्यातले निम्मेच, म्हणजे ९०० वॅट-तास वापरणे योग्य. म्हणजे अशी एक बॅटरी एका दिवसाचे काम भागवते. महाराष्ट्रात निरभ्र दिवसांत २५० वॅटचे पॅनेल तेवढी वीज साधारणपणे भरून काढते. पावसाळ्यात ढग दिवसेंदिवस हटत नाहीत आणि उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. ऊन नसताना यंत्रणा किती दिवस तग धरेल, या हिशेबाला सौरक्षेत्रात स्वायत्ततेचे दिवस म्हणतात. एक दिवस, तीन दिवस की आठवडा, हे घेणाऱ्याने ठरवायचे असते.

साठ्याची मोजणी दिवसांत करण्याची पद्धत जुनी आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाचे साठ्यावरून चार प्रकार केले आहेत: कोठार भरून धान्य ठेवणारा, एक रांजण भरून ठेवणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा. यांत पहिल्यापेक्षा दुसरा, दुसऱ्यापेक्षा तिसरा, असा पुढचा पुढचा श्रेष्ठ मानला आहे. बौद्ध विनयात भिक्षूंसाठी नियम अधिक काटेकोर आहे. आज मिळालेले अन्न साठवून दुसऱ्या दिवशी खाता येत नाही; तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ हे औषधी पदार्थ मात्र सात दिवसांपर्यंत ठेवता येतात. जैन परंपरेने मुनींना संपूर्ण अपरिग्रह सांगितला आणि श्रावकासाठी परिग्रह-परिमाण हे पाचवे अणुव्रत ठेवले. त्यानुसार गृहस्थ जमीन, घर, सोने, चांदी, पशू आणि धान्य यांची मर्यादा स्वतः आधी ठरवतो आणि पुढे ती ओलांडणे दोष मानतो.

या तिन्ही व्यवस्थांनी साठ्याला सरसकट पाप ठरवलेले नाही. त्यांनी साठा, गरज आणि जीवनक्रम यांचे नाते जोडले. औषध आणि जेवण यांना वेगळी मुदत दिली, मुनी आणि गृहस्थ यांना वेगळी मर्यादा दिली. याच दृष्टीने पाहिल्यास सौर यंत्रणांचीही प्रतवारी लागते. बॅटरीशिवाय थेट पॅनेलवर चालणारा शेतीपंप उद्यासाठी काही ठेवत नाही. ऊन असेल तेव्हाच पाणी उपसतो. डेस्कटॉपला ते साधत नाही. ढगाची सावली आली की तो बंद पडेल आणि जतन न केलेले काम जाईल. त्यामुळे काही मिनिटांचा तरी साठा ही इथे चैन नसून कामाची अट आहे. रात्रीचे काम, पावसाळ्यातले सलग दिवस आणि महिनाभर चिंता नको म्हणून ठेवलेली राखीव बॅटरी या त्यापुढच्या पायऱ्या होत. प्रत्येक पायरीवर गरजेचा अंश कमी होत जातो आणि निर्धास्तपणाच्या इच्छेचा अंश वाढत जातो.

स्वायत्ततेचे दिवस वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग साठा वाढवण्याचा. दुसरा मार्ग गरज कमी करण्याचा. वरच्या उदाहरणातला डेस्कटॉप काढून १५ वॅटचा मिनी पीसी बसवला, तर मॉनिटरसह ६ तासांना २१० वॅट-तास पुरतात. नवी बॅटरी न घेता तीच बॅटरी साडेतीन दिवस चालते. अपरिग्रहाचा कल नेहमी दुसऱ्या मार्गाकडे आहे आणि येथे तो कल निव्वळ नैतिक राहत नाही. हिशेबातही तो स्वस्त ठरतो. म्हणूनच यंत्रणा आखताना विजेची गरज आधी आणि पॅनेल नंतर, हा क्रम जाणकार पाळतात. परिग्रह-परिमाणाचा क्रमही तोच आहे: मर्यादा आधी, संपादन नंतर.

संग्रह का टाळावा, याची कारणे योगपरंपरेत नेमकी दिली आहेत. पतंजलीने योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अपरिग्रहाला पाच यमांत स्थान दिले. त्यावरील व्यासभाष्यात विषयांचे पाच दोष मोजले आहेत: ते मिळवण्यात, राखण्यात आणि नष्ट होण्यात असलेले दुःख, त्यांची आसक्ती आणि त्यांतून होणारी हिंसा. ऊन स्वतः या दोषांतून सुटते. ते मिळवावे लागत नाही, राखावे लागत नाही आणि एकाने वापरल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही. १९५१ मध्ये भूदान चळवळ सुरू झाल्यावर विनोबा भावे हाच दाखला देत असत: हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांवर जशी कोणाची मालकी नाही, तशी ती जमिनीवरही नसावी. ऊन बॅटरीत शिरले की चित्र पालटते. आता ते एका घराचे होते आणि पाचही दोष त्याला चिकटतात.

मिळवण्यासाठी पैसा लागतो. राखण्यासाठी लेड-अॅसिड बॅटरीत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, टर्मिनल स्वच्छ ठेवावे लागतात. ती अर्धवट भरलेली ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि क्षमता घटते. क्षय अटळ आहे. चांगली निगा राखूनही काही वर्षांत ती बदलावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हजारो वेळा भरता-रिकामी करता येते, तरी तिलाही शेवट आहेच. हिंसेचा दोष सर्वांत दूरवर पोहोचतो. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवले जाते, तेव्हा धूर आणि धुळीतून ते आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. काही प्रकारच्या लिथियम बॅटऱ्यांना लागणारे कोबाल्ट मोठ्या प्रमाणात काँगोच्या खाणींतून येते. आयर्न फॉस्फेट प्रकारात कोबाल्ट नसते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापराला देण्याची जबाबदारी टाकली. तरी जुनी बॅटरी अधिकृत केंद्रात जाते की भंगारवाल्याकडे, याचा निर्णय शेवटी वापरणाऱ्याच्या हातात असतो.

आसक्तीचा दोष वस्तूंच्या यादीत दिसत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूच्या मोजमापाने केलेली नाही. ममत्वाची मूर्च्छा हाच परिग्रह, अशी ती आहे. या निकषावर लहान बॅटरीचा मालकही परिग्रही असू शकतो. ढगाळ दिवशी टक्केवारी पाहत अस्वस्थ होणारा आणि बॅटरी संपली म्हणून संतापणारा माणूस लाचारीने कमी वापरतो. अशा वापराला व्रत म्हणता येत नाही. याउलट बार्सिलोनातील लो-टेक मॅगझिनने २०१८ मध्ये आपले संकेतस्थळ सौरऊर्जेवर चालणाऱ्या छोट्या सर्व्हरवर नेले, तेव्हा ढगाळ हवेत ते बंद पडेल हे आधीच जाहीर केले. बॅटरी वाढवून हा खंड टाळता आला असता. तो टाळला नाही, कारण मर्यादा आधीच स्वीकारलेली होती. यंत्रणा दोन्हीकडे सारखी असू शकते, फरक स्वीकारात आहे.

याच चौकटीतून स्वावलंबनाच्या कल्पनेचीही तपासणी होते. विजेच्या जाळ्यापासून तुटलेली यंत्रणा बाहेरून संयमी दिसते. पण दुपारी बॅटरी भरली की चार्ज कंट्रोलर पॅनेलची उरलेली वीज घेणे थांबवतो आणि ती क्षमता कोणाच्याही उपयोगी न पडता वाया जाते. महावितरणच्या जाळ्याला नेट मीटरने जोडलेल्या छपरावरून तीच उरलेली वीज शेजारच्या घरात जाते. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतील छपरे याच तत्त्वावर चालतात. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिळालेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी अस्तेयाचा अर्थ आणखी वाढवला आणि गरजेहून अधिक घेणे हीही चोरीच ठरवली. परस्परावलंबन हाही स्वावलंबनाइतकाच माणसाचा आदर्श आहे, असे त्यांनी १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त मांडले होते.

जोडणीची किंमतही आहे. बॅटरी नसलेला ग्रिड-टाय इन्व्हर्टर जाळ्यातली वीज गेली की भर उन्हातही बंद होतो, कारण तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका पोहोचता कामा नये. अशा घरातला डेस्कटॉप शेजाऱ्यांबरोबरच अंधारात जातो. दुर्गम पाड्यात जिथे जाळे पोहोचलेले नाही किंवा वीज वारंवार जाते, तिथे साठाच जोडणीची जागा घेतो आणि तिथल्या शाळेने किंवा दवाखान्याने तीन दिवसांची बॅटरी ठेवणे शहरातल्या तीन दिवसांच्या बॅटरीसारखे मोजता येत नाही. औषधाला सात दिवसांची मुदत देणारा विनयाचा नियम याच विवेकावर उभा आहे.

या विवेचनातून निर्णयाचा एक क्रम निघतो. कोणते काम संगणकावर खरोखर करायचे आहे ते प्रथम ठरवावे. त्यानंतर यंत्र लहान करावे. मग उरलेल्या गरजेपुरता साठा घ्यावा. जादा वीज जाळ्यात सोडता येत असेल तर सोडावी. आणि बॅटरीच्या शेवटाची जबाबदारी खरेदीच्या वेळीच घ्यावी. आजवर साठ्याला मर्यादा घालण्याचे काम बहुतांशी किमतीने केले. बॅटऱ्या स्वस्त होत चालल्या आहेत, त्यामुळे ही बाहेरची मर्यादा सैल होत जाईल. परवडत नाही म्हणून न साठवणे आणि लागत नाही म्हणून न साठवणे यांतला भेद किंमत जास्त होती तोवर झाकलेला होता. तो उघडा पडला की परिमाणाचे व्रत सौर छपराखालीही, प्राचीन कोठारांप्रमाणेच, स्वतः घ्यावे लागते.