खरं बोलणं परवडतं

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात जाणता शेतकरी नुसत्या शब्दावर बैल घेत नाही. दात बघतो, चालवून बघतो. विद्यार्थ्याच्या अभ्यासाकडेही शिक्षकांनी असंच जवळून पाहावं.

नक्कल रोखायला नियम आहेतच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 60 टक्क्यांच्या वर गेलं, तर संशोधकाची नोंदणीच रद्द होते. पण धाकाने नक्कल लपते, प्रामाणिकपणा रुजत नाही. त्यासाठी आधी प्रश्न बदलायला हवेत. “सिंचनावर टिपण लिहा” म्हटलं की मुलं मोबाइलवरून उतरवतात. “घोड कालव्याच्या आवर्तनाचं पाणी तुमच्या शिवारात कसं वाटलं जातं, ते विचारून लिहा” म्हटलं, तर बांधावर जावंच लागतं. कच्चं लिखाणही मागावं, समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचं नाव कसं द्यायचं, हे पहिल्याच वर्षी शिकवावं. आणि “सर, मला जमलं नाही” म्हणणाऱ्याला मुदत वाढवून द्यावी.

खरं बोलणं परवडतं, हे वर्गात कळलेला विद्यार्थी उद्या इंजिनिअर झाला, तर पुलाचा हिशेबही खराच मांडेल.