पांगळ्याला पाय दिले ते कशासाठी?

भाविकहो, मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या घरी चौरंग पुसला जातो, पोथीचं वस्त्र धुतलं जातं आणि गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. पाचवा अध्याय पहिल्याच दिवशी येतो. इतक्या वर्षांत तो किती वेळा वाचला असेल, मोजदाद नाही. पण वाचणं वेगळं आणि तो अंगावर येणं वेगळं.

कथा तुम्हांला ठाऊक आहे. पीठापूरचे आपळराज आणि सुमती. मुलं जगत नव्हती. जगली ती दोन, त्यांतला एक आंधळा, दुसरा पांगळा. मग महाराज श्रीपाद श्रीवल्लभ म्हणून पोटी आले. सोळाव्या वर्षी लग्नाचा विषय निघाला, तेव्हा म्हणाले, मी आता निघतो. आईचा धीर सुटला. म्हातारपणी हाच आपल्याला सांभाळील ही तिची आशा, आणि तोच निघाला! तेव्हा महाराजांनी त्या दोन भावांकडे अमृतदृष्टीने पाहिलं. आंधळ्याला दिसू लागलं, पांगळा चालू लागला.

आपण इथं हात जोडतो, चमत्कार झाला म्हणतो आणि पान उलटतो. पण थांबा ना जरा! पुढं काय सांगितलं महाराजांनी? पाय आले म्हणून तीर्थयात्रेला जा, असं नाही सांगितलं. आईवडिलांची सेवा करा, असं सांगितलं. डोळे आले आणि लगेच काम हाती आलं. ज्यांना घरानं बिनकामाचं धरलं होतं, त्यांच्याच हाती घर सोपवलं. पुढच्या अवतारातही तेच. कारंज्याला नरहरी आईच्या शब्दाखातर थांबले, पाठची भावंडं झाल्यावरच निघाले, आणि तीस वर्षांनी भेटेन हा शब्द पाळायला परत आले. संन्याशालासुद्धा घराची सोय लावल्याशिवाय पाऊल उचलता आलं नाही, मग आपली काय कथा!

आता आरतीनंतर आपण पारावर बसतो तेव्हा विषय ठरलेला. हल्लीच्या पोरांना जाणीव नाही. मी पण म्हणतो. नोकरी लांब, घर दोन खोल्यांचं, नवराबायको दोघं कामाला, हे सगळं खरंच आहे, त्यांची ओढाताण आपल्याला दिसते. कायदाही आहे. २००७ साली झाला. मुलांकडेच काय, सज्ञान नातवंडांकडेही पोटगी मागता येते, प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. रकमेची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. ज्याला खरोखर अन्नान्न दशा आली आहे त्यानं तो जरूर करावा, त्यात लाज कसली? पण उशाशी येऊन बसणं काही कुठल्या हुकमानं मिळत नाही.

ते येतं कुठून? माझीच गोष्ट सांगतो, दुसऱ्याची कशाला?

माझी आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला होती. करणारी माझी बायको. मी गावोगाव सप्ताहाला जाऊन मातृसेवेवर प्रवचनं करीत होतो, हेही सांगून टाकतो. मुलगा तेव्हा आठवीत. एकदा आईनं हाक मारली, बायको नळावर गेली होती, तर त्यानं आपण होऊन आईचं भांडं उचललं. मी ओरडलो त्याच्यावर. ‘‘ठेव ते खाली! सहामाही आली ना तुझी? आजीचं बघायला आम्ही आहोत.’’

त्यानं ठेवलं. त्यानंतर आजीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचा, ‘‘आजी, बरं आहे ना?’’ म्हणायचा आणि अभ्यासाला जायचा. मार्क उत्तम पडले. आज बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे. पहिल्या तारखेला पैसे येतात, एकदाही चुकले नाहीत. मागं माझं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा रजा काढून आला, दिवसाची एक, रात्रीची एक अशा दोन मावश्या ठेवल्या. आणि दारात उभा राहून विचारायचा, ‘‘बाबा, काही हवं का?’’ आत यायचा नाही. मावश्यांना वाटायचं, साहेब तुसडे आहेत. मला माहीत होतं, तो उंबरा कुणी घातलाय.

महाराजांनी पांगळ्याला पाय दिले. मी चालत्या पोराचे काढून घेतले.

यंदा मे महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा, सून, नात सगळी आली होती. दर चार तासांनी डोळ्यांत थेंब. नात नऊ वर्षांची, म्हणाली, ‘‘मी घालते.’’ सून आतून म्हणाली, ‘‘राहू दे गं, तुझा क्लास आहे ना ऑनलाइन? आई घालतील.’’ तिचं काय चुकलं? तेच शब्द माझ्या तोंडून निघाले होते. मी म्हटलं, ‘‘सूनबाई, क्लासला पाच मिनिटं उशीर झाला तर चालेल. घालू दे तिला.’’

पोरीनं साबणानं हात धुतले. पहिला थेंब गालावर. दुसरा नाकावर. ‘‘आजोबा, तुम्ही हलताय!’’ म्हणून मलाच रागावली. मुलगा नेहमीसारखा दारात उभा होता. हसला, आत आला, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तिला म्हणाला, ‘‘हं, आता घाल.’’

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.